शिकारीच्या रायफलसाठी बॅरल निवडताना: अमेरिकेतल्या नवशिक्यांसाठी

इकडे येऊन ज्यांना शिकारीचा नाद लागला, त्यांची सुरुवात बहुतेक दुकानातल्या तयार रायफलने होते, आणि तेच बरं. दोन-चार सीझन गेले की मग आपल्या हाताला बसेल अशी रायफल बांधून घ्यावीशी वाटते. गाडी अडते ती बॅरलपाशी, म्हणजे नळीपाशी. ऑर्डरचा फॉर्म उघडला की कॅलिबर, ट्विस्ट, कॉन्टूर, ग्रूव्ह, लांबी, स्टील असे रकाने समोर येतात, आणि प्रत्येक रकान्यावर जाणकारांचे दोन तट. मी कोलोरॅडोत राहतो, एल्क आणि म्यूल डिअरच्या मागे डोंगर चढतो. त्यामुळे खालचं सगळं बोल्ट-ॲक्शन रायफल (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस चढवायची) आणि पायी शिकार डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. टेक्सासात झाकलेल्या मचाणात बसून शिकार करणाऱ्याने वजनाबद्दलचं माझं बोलणं खुशाल सोडून द्यावं.

फॉर्म ज्या क्रमाने छापलेला असतो त्या क्रमाने भरू नका. आधी जनावर आणि जागा ठरवा, मग गोळी, आणि नळी त्या गोळीसाठी. बहुतेकांचे पैसे हा क्रम उलटा झाल्यामुळे जातात.

१. आधी कायद्याचं बघून घ्या

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अनुक्रमांक असलेला रिसीव्हर, म्हणजे आपण ज्याला ॲक्शन म्हणतो तो भाग, हीच बंदूक. बॅरल हा सुटा भाग मानला जातो. तो कुरिअरने थेट घरी किंवा गनस्मिथकडे जाऊ शकतो. नवी ॲक्शन मात्र परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते: फॉर्म ४४७३, पार्श्वभूमीची तपासणी आणि कोलोरॅडोत किमान तीन दिवस थांबणं. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, तुमच्या राज्याचे तुम्ही बघा.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात मोठी मेख व्हिसाची. एच-१बी, एफ-१ किंवा एल-१सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. परवाना संपला आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर तुमच्या हातात अपवाद उरत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर बॅरलवर डॉलर खर्च करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. मित्राच्या 'काही होत नाही रे'वर जाऊ नका.

दुसरी मेख लांबीची. रायफलचं बॅरल १६ इंचांपेक्षा किंवा पूर्ण रायफल २६ इंचांपेक्षा आखूड झाली की ती वेगळ्या केंद्रीय कायद्याखाली जाते आणि आधी मंजुरी व नोंदणी लागते. शिकारीला इतकं आखूड लागतही नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

तिसरं, ज्या राज्यात शिकार करणार त्या राज्याचं शिकारीचं पत्रक वाचा. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा आतला व्यास, इंचांत) लागतं. डिअर, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी गोळी किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), तर एल्क आणि मूससाठी किमान ८५ ग्रेनची हवी, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद आहेत. बॅरल निवडण्याशी याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

२. जनावर, अंतर आणि पायपीट

कागदावर तीन गोष्टी लिहा. कुठलं जनावर? खरोखर किती अंतरावरून गोळी झाडाल (स्वप्नात नव्हे, वाऱ्यात, धाप लागलेली असताना)? आणि रायफल खांद्यावर किती वेळ असेल? ३०० यार्डांच्या आत बहुतेकांची शिकार आटोपते. तिथे हजार यार्डांच्या स्पर्धेसाठी बनलेलं जाड, २६ इंची बॅरल म्हणजे दहा हजार फुटांवर विनाकारण वाहून नेलेलं लोखंड.

३. तुमची ॲक्शन काय पेलते?

काडतूस मनाला येईल ते निवडता येत नाही. ॲक्शनच्या तीन गोष्टी त्याला बांधून ठेवतात: बोल्टचं तोंड, मॅगझिनची लांबी आणि बॅरल जिथे बसतं तिथले आटे.

बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाच्या मापाचं असतं. .३०८ विंचेस्टरच्या बुडाचा व्यास .४७३ इंच. .२४३, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर ही सगळी त्याच मापाची आणि शॉर्ट ॲक्शनमध्ये मावणारी, म्हणून जुन्या .३०८ वर यातलं कुठलंही बॅरल बसवलं तरी बोल्ट बदलावा लागत नाही. लाँग ॲक्शनमध्ये .३०-०६, .२७० आणि .२५-०६ यांचं असंच गोत्र. ६.५ पीआरसी किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम हवं असेल तर बोल्टचं तोंड मोठं, सुमारे .५३२ इंचांचं लागतं, म्हणजे नवा बोल्ट आला. पीआरसीची काडतुसं लांब गोळीसह भरली की शॉर्ट ॲक्शनच्या साध्या मॅगझिनला टेकतात. दुकानात जाऊन तुमच्या मॅगझिनमध्ये ते काडतूस घालून बघा आणि वर-खाली मोकळं सरकतं का ते पाहा. हा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो.

आट्यांचं म्हणाल तर रेमिंग्टन ७०० चे आटे १ पूर्णांक १/१६ इंच व्यासाचे, इंचाला १६. सॅव्हेज वेगळी, हावा मेट्रिक. फॉर्मवर ॲक्शनचं नाव पूर्ण लिहा. नुसतं 'शॉर्ट ॲक्शन' लिहून भागत नाही.

४. गोळी ठरवा, मग ट्विस्ट

इथे जरा वेळ घालवा. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. तिची नळी आतून गुळगुळीत. रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात आणि त्या फिरकीमुळे गोळी नाकासमोर जाते. किती इंचांत गोळी एक पूर्ण फेरा घेते, तो ट्विस्ट. १:८ म्हणजे ८ इंचांत एक फेरा, १:१० म्हणजे १० इंचांत. आकडा लहान तितकी फिरकी जलद.

लोक वजनावरून ट्विस्ट ठरवतात, पण खरा हिशेब गोळीच्या लांबीचा आहे. गोळी जितकी लांब तितकी जलद फिरकी तिला सरळ ठेवायला लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब होते. कॅलिफोर्नियात शिकार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: जुन्या संथ ट्विस्टच्या बॅरलमध्ये वजनाने 'चालायला हवी' अशी तांब्याची गोळी डगमगू शकते.

हा घोळ रेमिंग्टनने एकदा निस्तरलेला आहे. १९५५ मध्ये दोन ६ मिलिमीटर काडतुसं बाजारात आली: .२४३ विंचेस्टर १:१० ट्विस्टसह आणि .२४४ रेमिंग्टन १:१२ सह. काडतूस म्हणून रेमिंग्टनचं कमी नव्हतं, पण १:१२ मध्ये डिअरसाठी लोकांना हव्या असलेल्या १०० ग्रेनच्या लांब गोळ्यांचा भरवसा देता येत नव्हता. लोक .२४३ कडे वळले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ट्विस्ट १:९ केला, नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन ठेवलं, तोवर गिऱ्हाईक गेलं होतं.

नवं बॅरल घेताना मी हे आकडे धरून चालतो:

- .२४३: १०० ग्रेनपर्यंत १:१०, लांब जड गोळ्यांसाठी १:८
- ६.५ क्रीडमूर, ६.५ पीआरसी: १:८
- .२७० विंचेस्टर: १३० ते १५० ग्रेनच्या नेहमीच्या गोळ्यांना १:१०, नव्या लांब गोळ्यांना १:८
- ७ एमएम पीआरसी: १:८
- .३०८, .३०-०६, .३०० विंचेस्टर मॅग्नम: १:१०

शंका असेल तर जलद बाजूला झुका. शिकारीच्या मजबूत गोळीला थोडी जास्त फिरकी बाधत नाही. कमी फिरकी बाधते. गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर स्थिरतेचं गणित करणारी साधनं फुकट असतात. गोळीची लांबी, वेग, तापमान आणि उंची भरा आणि उत्तर १.५ च्या वर येतंय का बघा. उंची भरायला विसरू नका. डेन्व्हरच्या विरळ हवेत उन्हाळ्यात १.४५ दाखवणारी जोडी विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरच्या दाट, गार हवेत त्याच्या बरीच खाली येते.

जुनं किंवा वापरलेलं बॅरल घेत असाल तर ट्विस्ट घरी मोजता येतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा. मूठ फिरती असलेल्या क्लीनिंग रॉडवर घट्ट बसणारी चिंधी लावून रॉड थोडा आत ढकला. नळीच्या काठापाशी रॉडवर एक खूण करा, शिवाय रॉडच्या वरच्या अंगाला मार्करचा ठिपका द्या. मग हळूहळू ढकलत राहा. ठिपका पूर्ण फिरून पुन्हा वर आला की काठापाशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर हाच ट्विस्ट. दोनतीनदा करा, कारण चिंधी घसरली तर आकडा चुकतो.

५. लांबी

एक इंच कापला की वेग ढोबळमानाने २० ते ३० फूट प्रतिसेकंद कमी होतो. मॅग्नममध्ये (जास्त दारू भरलेल्या काडतुसांत) जास्त, .३०८ मध्ये कमी. म्हणजे .३०८ चं बॅरल २४ वरून २० इंचांवर आणलं तर शंभरएक फुटांचा फरक. ३०० यार्डांच्या आत एल्कला तो कळायचा नाही, तुम्हाला मात्र ॲस्पेनच्या दाटीतून चालताना चार इंच कळतात.

.३०८ किंवा क्रीडमूरला २० ते २२, .३०-०६ किंवा .२७० ला २२ ते २४, मॅग्नमला २४ असं माझं मत. सप्रेसर (आवाज दाबणारं, तोंडावर बसणारं नळकांडं) लावायचा असेल तर अजून दोन इंच कमी करा, कारण तो पुढे सहा ते नऊ इंच वाढवतो. सप्रेसरवरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, त्यामुळे मागणी वाढली आहे. पण नोंदणी आणि मंजुरी अजूनही लागतेच, आणि सगळ्या राज्यांत तो चालत नाही.

६. जाडी, म्हणजे कॉन्टूर

लोक इथे हमखास फसतात. हलक्या शिकारी बॅरलना बहुतेक उत्पादक १, २, ३ असे क्रमांक देतात, आकडा वाढेल तशी जाडी वाढते. पण एका कंपनीचा ३ नंबर म्हणजे दुसरीचा ३ नंबर नव्हे. क्रमांकावर जाऊ नका. तक्त्यात तोंडाशी व्यास किती आणि तुमच्या लांबीला वजन किती, हे दोन आकडे बघा.

दुर्बीण, पट्टा आणि काडतुसांसकट रायफल आठ-साडेआठ पाउंडांत, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास बसावी असं मला वाटतं. त्यातून स्टॉक, ॲक्शन, दुर्बीण वजा करा, उरेल ते बॅरलचं. बहुधा अडीच ते तीन पाउंड उरतात. जाड बॅरल सलग वीस गोळ्या झाडल्यावर कामाला येतं. शिकारीत थंड बॅरलमधून निघालेली पहिली गोळी महत्त्वाची, फार तर दुसरी. बारीक बॅरल तापल्यावर गोळ्या पसरवतं हे खरं आहे, पण तो चांदमारीच्या मैदानावरचा त्रास. तिथे दोन गोळ्यांच्या मध्ये चहा प्या.

फार बारीकही नको. सप्रेसरसाठी तोंडाला ५/८ इंच व्यासाचे, इंचाला २४ आटे पाडायचे तर मागे टेकायला खांदा उरला पाहिजे. तोंडाशी .५६ किंवा .६० इंच असलेल्या नळीवर ते जमतच नाही. .७० च्या वर असेल तर गनस्मिथ कुरकुर करत नाही.

तिसरी गोष्ट स्टॉकची. आधीच्यापेक्षा जाड बॅरल घेतलं तर स्टॉकची खाच मोठी करावी लागते. बॅरल आणि स्टॉकच्या मधून नोट पुढून मागपर्यंत न अडता सरकली पाहिजे. लाकडाच्या स्टॉकला हे सोपं, पोकळ प्लास्टिकच्या स्टॉकमध्ये खाच वाढवताना भिंतच संपते.

कार्बन फायबर गुंडाळलेली बॅरल दिसायला जाड आणि वजनाला हलकी. आत पातळ स्टीलची नळी असते, वर कार्बनचं वेष्टण. मोंटानातल्या कोलंबिया फॉल्सची प्रूफ रिसर्च या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. जाड स्टीलच्या मानाने वजन खूप वाचतं, पण बारीक स्टील बॅरलपेक्षा ते हलकं असेलच असं नाही, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. पैसे जास्त झाले असतील तर दुर्बिणीवर घाला.

७. स्टील आणि खाचा

यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी पटकन उरकतो. ४१६आर स्टेनलेस किंवा क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील), दोन्ही चालतात. स्टेनलेस कमी गंजतं (गंजत नाही असं नाही), क्रोमोलीवर ब्लूइंग (गंज रोखणारी निळसर-काळी झिलई) किंवा लेप हवाच. अलास्कासारख्या कडाक्याच्या थंडीत शिकार करणार असाल तर बारीक स्टेनलेसबद्दल उत्पादकाला आधी विचारा.

खाचा पाडायच्या मुख्य पद्धती तीन. कट पद्धतीत छोटं हत्यार शेकडो फेऱ्यांत थोडंथोडं धातू खरवडतं. विस्कॉन्सिनमधल्या क्रीगर आणि बार्टलाइन यांची ही पद्धत. बटन पद्धतीत कार्बाइडचा गोळा दाबून नेतात. टेक्सासची शायलन आणि मोंटानातल्या प्लेन्सची लिल्या या वाटेच्या. हॅमर फोर्जिंगमध्ये बाहेरून हातोड्यांनी ठोकून नळी साच्यावर बसवतात, तयार रायफलींत हे जास्त. चांगल्या उत्पादकाची पहिली दोन्ही तितकीच अचूक. खाचा (फॉर्मवरचे ग्रूव्ह) तीन की सहा, यावर झोप उडवू नका. वजन कमी करायला बाहेरून फ्लूट (लांबट खोबणी) पाडून हवे असतील तर ते उत्पादकाकडूनच पाडून घ्या. नंतर दुसऱ्याकडून पाडले तर हमी जाते.

८. चेंबर आणि गनस्मिथ

कोरी नळी आली की गनस्मिथ ती कापतो, आटे पाडतो, चेंबर (काडतूस बसायची जागा) खोदतो आणि तोंडाला क्राउन करतो, म्हणजे तोंडाची कड नीट घडवतो. नळी उत्तम आणि हे काम सुमार असेल तर रायफल सुमारच मारते. म्हणून गनस्मिथ आधी गाठा आणि त्याला विचारूनच नळी मागवा. त्याच्याकडे तुमच्या काडतुसाचं रीमर (चेंबर खोदायचं हत्यार) नसेल तर तो खर्च तुमच्या माथी.

त्याला एक वाक्य स्पष्ट सांगा: 'शिकारीची रायफल आहे, सामीच्या प्रमाण मापाचं चेंबर हवं.' सामी ही काडतुसांची आणि चेंबरची प्रमाण मापं ठरवणारी अमेरिकी संस्था. घट्ट मानेचं स्पर्धेचं चेंबर कागदावर छान दिसतं, पण बर्फ आणि धूळ लागलेलं दुकानातलं काडतूस त्यात अडकतं, आणि मान नको तितकी घट्ट असेल तर दाब धोकादायक वाढतो. ठरवलेल्या गोळीचं एक काडतूस त्याच्या हातात द्या, म्हणजे चेंबरच्या पुढचा घसा त्याला तपासता येईल. काम झाल्यावर काडतुसाचं नाव बॅरलवर कोरून घ्या. पुढे कुणी चुकीचं काडतूस घातलं तर जिवावर बेतू शकतं.

सॅव्हेज, टिक्का आणि काही नव्या ॲक्शनसाठी चेंबर खोदलेली तयार, म्हणजे प्रीफिट बॅरल मिळतात. पैसे आणि महिने दोन्ही वाचतात. बसवल्यावर हेडस्पेस (बोल्ट मिटल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) मात्र गेजने तपासलाच पाहिजे: 'गो' गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, 'नो-गो'वर मिटता कामा नये. पहिल्यांदा हे गनस्मिथसमोर करा. पन्नासेक डॉलर जातील, जाऊ द्या.

९. ऑर्डरआधी हाताशी ठेवा

- ओळखपत्र, सध्याचा पत्ता आणि व्हिसावर असाल तर आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) व शिकारीचा चालू परवाना
- हंटर एज्युकेशनचं कार्ड (कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचं)
- ॲक्शनचं नाव, मॉडेल, शॉर्ट की लाँग, बोल्टच्या तोंडाचं माप
- ठरवलेल्या गोळीचं नाव, वजन, लांबी आणि दोन-चार नमुना काडतुसं
- स्टॉकचं मॉडेल आणि खाचेची रुंदी
- सप्रेसर लावणार असाल तर तोंडावरच्या आट्यांचं माप
- स्वतः बसवणार असाल तर बॅरल व्हाइस, ॲक्शन रेंच, टॉर्क रेंच, गो आणि नो-गो गेज

खर्चाचा अंदाज असा: चांगली कोरी स्टील नळी ३५० ते ४५० डॉलर, कार्बनची ८०० ते १०००, गनस्मिथचं काम साधारण ३५० ते ६००, लेप आणि तोंडाचे आटे वेगळे. आमच्याकडे रायफलचे सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होतात. फेब्रुवारीत ऑर्डर दिली तर ऑगस्टमध्ये शांतपणे सराव करता येतो. जूनमध्ये जागे झालात तर यंदा जुन्याच रायफलवर भागवा.

१०. बसून आल्यावर

रायफल दुरुस्तीला दिली असेल तर केंद्रीय कायद्याप्रमाणे गनस्मिथ ती थेट तुमच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. आली की स्टॉकमधून नोट फिरवा, नमुना काडतुसं मॅगझिनमधून चढवून-उतरवून बघा (हे मैदानावर, नळी सुरक्षित दिशेला), आणि बॅरलवर कोरलेलं नाव वाचा.

नवं बॅरल मुरवण्याचे विधी अनेक आहेत. हाताने लॅप केलेल्या (आतून घासून गुळगुळीत केलेल्या) नळीला पहिल्या काही गोळ्यांनंतर दोनतीनदा साफ केलं की पुरतं. मग गट (सलग झाडलेल्या गोळ्यांचा पसारा) मोजायच्या भरीस न पडता वेगवेगळ्या दिवशी थंड बॅरलची पहिली गोळी कुठे लागते ते एकाच कागदावर नोंदवत जा. १०० यार्डांवर या गोळ्या दीड इंचात पडत असतील तर शिकारीला काही कमी नाही. अर्ध्या इंचाची हमी देणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवा. आणि बॅरल झिजण्याची काळजी वर्षाला साठ-सत्तर गोळ्या झाडणाऱ्याने करू नये. क्रीडमूरचं बॅरल दोन हजारांच्या पुढे सहज जातं, .३०८ चं त्याहून बरंच.

जुनं बॅरल गनस्मिथकडून मागून घ्या, आत-बाहेर तेल लावून ठेवा. त्याच ॲक्शनवर पुन्हा बसतं किंवा विकलं जातं. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या घरी भिंतीवर टांगायला म्हणून बॅगेत घालून नेण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच, आणि अमेरिकेतून परवान्याशिवाय बॅरल बाहेर नेणं हा इथलाही गुन्हा आहे.